टीव्हीकडे पाठ

पिंपळीत कुणालाही विचारा, टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघणारा माणूस कोण, तर शेंबडं पोरसुद्धा सावळाराम आबांच्या घराकडे बोट दाखवेल. संध्याकाळी मालिकेची वेळ झाली की आबा आपली लोखंडी खुर्ची उचलायचे, टीव्हीकडे पाठ करून मांडायचे आणि समोर दिवाणावर बसलेल्या शकुमावशींकडे बघत बसायचे. घरातले सगळे टीव्हीकडे आणि आबा एकटे बायकोकडे. नवीन पाहुणा आला की त्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं या वयात हे काय चाललंय. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी पदरात तोंड घालून हसलेही होते.

माझं नाव सिंधू. आबांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घरी यावं, तर आमचे हे बातम्या लावून बसलेले असतात, आणि त्या बातम्यांत चार माणसं एकाच वेळी भांडत असतात. पोरांचं भांडण निदान बिस्किटावर मिटतं. म्हणून मालिकेच्या वेळेला मी उठून आबांच्या घरी जायची. तिथंच मला ही सगळी गोष्ट कळत गेली.

आबांना ऐकू येत नव्हतं. घराला लागून पत्र्याच्या खोलीत त्यांची पिठाची गिरणी होती आणि नवरा-बायकोनं उमेदीची सगळी वर्षं त्या खोलीत घालवली. आबा दगडापाशी, मावशी तोंडाला फडकं बांधून वर धान्य ओतायला. मोटर सुरू झाली, पट्टा फिरायला लागला की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे. मग दोघांची एक हातांची बोली तयार झाली. गव्हाला एक खूण, बाजरीला दुसरी. बाजरीवर लगेच गहू टाकायचा नाही, मधे कुणाची तरी ज्वारी येऊ दे, हे मावशी तळहात आडवा धरून सांगायच्या. पीठ पडायला लागलं की आबा चिमूटभर पुढे करायचे आणि मावशी ते अंगठा आणि बोटात चोळून बघायच्या. अंगठा हळूच गोल फिरला तर बारीक, जमलं. अंगठा झटकला तर जाड, परत टाक. यात मावशींचा शब्द शेवटचा. आबांनी बारीक ठरवलेलं पीठ त्यांनी कितीदा परत दगडात घालायला लावलं असेल, याला गणती नाही.

गिऱ्हाइकांनाही खुणा होत्या. मिशीला पीळ म्हणजे पोलीस पाटील. हनुवटी वर म्हणजे सोसायटीचे चेअरमन. नाकाला दोन बोटं म्हणजे तपकीर ओढणारी सारजा. ही सारजा सगळ्या गल्लीशी भांडून शिवाय पीठ कमी भरलं म्हणून तक्रार करायची. तिच्यासमोर उभं राहून मावशी तिच्याचविषयी आबांना काय काय सांगायच्या आणि आबा मान खाली घालून हसायचे. सारजाला वाटायचं, माणूस गरीब आहे बिचारा.

पुढं घरोघरी घरघंट्या आल्या, गिरणी बंद पडली, पण तोवर आबांचे कान गेलेले होते. बोलणं मात्र थांबलं नाही, कारण ते मुळात कानानं होतच नव्हतं. मालिका लागली की मावशी टीव्ही बघत बघत हातानं सांगायच्या आणि आबा त्यांच्या हाताकडे, डोळ्यांकडे बघून सगळं समजून घ्यायचे. मालिकेतली दुष्ट सासू आली की मावशींची दोन बोटं नाकाला. आबा लगेच दात-ओठ खायचे. मालिकेतल्या वकिलाला चेअरमनची हनुवटी मिळाली होती. म्हणजे आमची पिंपळीच त्या मालिकेत राहायला गेली होती म्हणा ना.

आबांचा मुलगा युवराज एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत आहे. पोरगं गुणाचं, पण सगळ्या दुखण्यांवर एखादी वस्तू आणली की झालं, अशा समजुतीचं. बापाला ऐकू यावं हे त्याच्या मनात बरेच दिवस होतं. त्यानं आबांना बारामतीला नेलं, कान तपासले आणि दोन्ही कानांत बसतील अशी यंत्रं आणली. आबांना माणसांचं बोलणं ऐकू येऊ लागलं, पण टीव्हीचं नुसतंच भसाभसा. तेव्हा यंत्रांच्या दुकानातल्या मुलीनं सांगितलं की टीव्हीला जोडायची एक काळी डबी मिळते. डबी टीव्हीचा आवाज घेते आणि बिनवायरीनं थेट कानातल्या यंत्रात सोडते. युवराज तीही घेऊन आला.

पहिल्या दिवशी काय गंमत झाली ते सांगायलाच हवं. तो रविवार होता आणि मालिकेऐवजी विनोदी सिनेमा लागला होता. युवराजनं डबीची वायर टीव्हीमागच्या गोल भोकात घातली, जिथं कानाला लावायच्या वायरी घालतात. त्याबरोबर टीव्हीचा आवाज बंद. सगळा आवाज आबांच्या कानात आणि आम्ही सगळे मुक्या चित्राकडे बघत बसलेलो. आबा एकटेच हसताहेत, एकटेच “अरं तिच्या!” म्हणताहेत. त्यांची सून सुप्रिया त्यांना विचारते, आबा, आता काय म्हणाली ती, आणि आबा तिला मोठ्या ऐटीत सांगताहेत. एका संध्याकाळपुरतं घरात आबा ऐकणारे आणि बाकी सगळे बहिरे. मावशी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं फोनवर समजावलं. वायर गोल भोकातून काढा, खालच्या चौकोनी भोकात दुसरी वायर घाला, म्हणजे टीव्ही इतरांसाठी नेहमीसारखा वाजेल आणि आजोबांना कानात वेगळा येईल. तसं केलं आणि जमलं. आम्ही आमच्या कानानं ऐकायचं, आबांनी डबीकडून. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. डबी चालू असताना बाहेरचा आवाज किती येऊ द्यायचा हे यंत्रावरचं बटण दाबून ठरवता येतं. आबांना स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा खणखणाट नको होता. त्यांनी बाहेरचं सगळं बंद करायला लावलं आणि युवराजनं केलं. आयुष्यभर गिरणीची घरघर सोसलेल्या माणसानं भांड्यांच्या आवाजाला नाक मुरडावं, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

आणि युवराजनं खुर्ची फिरवली. आता ऐकू येतंय तर टीव्हीकडे तोंड करून बसा की माणसासारखं, म्हणाला. आबा बसले.

मालिका लागली. आबा थोडा वेळ ऐकत राहिले, मग त्यांच्या त्या चढ्या आवाजात म्हणाले की या पोरीची खानावळ कुठं गेली? सुप्रियानं विचारलं, कसली खानावळ? आबा म्हणाले, हिनं सासूला जाब विचारून घर सोडलं नव्हतं का, स्टँडाजवळ खानावळ काढली नव्हती का? आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. मालिकेत तसलं काही झालेलंच नव्हतं. ती सून पहिल्या दिवसापासून त्याच घरात, त्याच सासूच्या पाया पडून रडत होती. मग उलगडा झाला. मावशी आबांना जी मालिका सांगत होत्या ती टीव्हीवरची नव्हतीच. ती त्यांनी स्वतः रचलेली होती. त्यांचे हात इतके भराभर चालायचे की आम्हाला त्यातली माणसंच तेवढी ओळखू यायची.

आबांनी मांडीवर थाप मारली आणि हसत हसत सगळ्यांदेखत म्हणाले, “इतकी वर्सं ही बया मला खोटं सांगत व्हती!”

त्यांच्या मनात काही नव्हतं हो. कौतुकच होतं. मावशीही हसल्या, पण उठून आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवाणावर बसायच्या बंद झाल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायच्या, आबांच्या खुर्चीच्या मागे. हातात सूप, नाहीतर निवडायचे तांदूळ. मी एकदा विचारलं, मावशी, का हो त्यांना असं दुसरंच सांगत होता? त्या म्हणाल्या, अगं त्या पोरीच्या नशिबी रोज रडणं. जन्मभर गिरणीत पीठ खाल्लेल्या माणसाला संध्याकाळी आणखी रडणं कशाला सांगायचं? मग तांदळातला एक खडा बाहेर फेकत म्हणाल्या, “आता त्यांना ऐकू येतंय, लई बरं झालं. पर सिंधे, आता ते माझ्याकडं बघत न्हाईत.”

आबा आमच्यापासून चार पावलांवर बसले होते, कानात डबीचा आवाज भरून, आणि हे त्यांच्यासाठीच असलेलं वाक्य त्यांच्याऐवजी मला ऐकावं लागलं. मला तेव्हा त्या डबीचा असा राग आला की तिला उचलून चुलीत घालावं. पण दुसऱ्याच्या घरची वस्तू.

पुढचं मी सुप्रियाकडून ऐकलं, कारण त्या दिवशी मी इंदापूरला माहेरी गेले होते. युवराज कामावर होता. सुप्रिया आत उंबऱ्याकडे पाठ करून भाकरी थापत होती, आबा टीव्हीपुढे आणि मावशी नेहमीच्या जागी उंबऱ्यात. आतून सुप्रियाला डब्याच्या पत्र्यावर बोटं आपटल्यासारखा आवाज येत होता. तिला वाटलं, मावशी डब्यातले तांदूळ हलवून घेताहेत. पण ती गिरणीत एकमेकांना बोलवायची खूण होती. रिकाम्या डब्यावर थाप मारायची, म्हणजे इकडं बघ; पत्र्याचा तो आवाज तेवढा घरघरीतूनही पोचायचा. सुप्रिया गिरणी बंद झाल्यावर या घरात आलेली, तिला ती कशी माहीत असणार? ज्यांना माहीत होती त्यांच्या कानात मालिका चालली होती आणि बाहेरचं सगळं बंद होतं.

भाकरीचं टोपलं घेऊन सुप्रिया बाहेर आली तेव्हा मावशी एका अंगावर कलल्या होत्या. तोंड वाकडं झालं होतं. डावा हात अजून डब्यावर होता.

बारामतीच्या दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. थोडं आधी आणलं असतं तर काही निराळं झालं असतं का, हे आबांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. आबांनी ते आपल्या परीनं समजून घेतलं. मला म्हणाले, आधी बसायचो तसा हिच्याकडं तोंड करून बसलो असतो तर तोंड वाकडं व्हायच्या आधी कळलं असतं. हिच्या तोंडावरची माशी हललेली मला कळायची. ते रडले नाहीत, हे नुसतं सांगितलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर बाहेरच्या खोलीतला दिवाण हलवून त्या जागी मावशींची खाट टाकली. त्या भिंतीकडे बघत पडून असायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की डावा हात चांगला आहे, त्यांच्याशी बोलत राहा, हात हलवायला लावा. पण मावशी हात उचलतच नव्हत्या. आबांनी कानातली यंत्रं काढून कपाटात ठेवली आणि डबीची वायर ओढून टाकली. ते खाटेसमोर खुर्ची घेऊन बसायचे आणि हातानं विचारायचे. गहू? बाजरी? तहान लागली? मिशीला पीळ द्यायचे, हनुवटी वर करायचे. मावशी बघायच्या, पण ते बघणं आणि भिंतीकडे बघणं यात मला तरी फरक दिसत नसे. आबांना आता जगात एकच गोष्ट हवी होती. हिनं एकदा हातानं काहीतरी म्हणावं. शिवी दिली तरी चालेल, असं ते म्हणायचे.

उसाचे ट्रॅक्टर माळेगावच्या साखर कारखान्याकडे जायला लागले त्या सुमारास एका संध्याकाळी आबांनी युवराजला सांगितलं, ती डबी लाव. माझं डोकंच फिरलं. बायको अशी पडलेली आणि या माणसाला मालिका आठवते! मी उठून जाणारच होते. तेवढ्यात आबांनी यंत्रं कानात घातली, खुर्ची उचलली, आणि टीव्हीकडे पाठ करून मावशींच्या खाटेसमोर मांडली. मी परत खाली बसले.

मालिका लागली. टीव्ही आमच्यासाठी नेहमीसारखा वाजत होता आणि आबांच्या कानात त्यांचा वेगळा. ते ऐकत होते आणि हातानं मावशींना सांगत होते. मावशींइतकी सफाई त्यांच्या हाताला नव्हती, हात सावकाश चालत होते, म्हणून मलाही समजत गेलं. दोन बोटं नाकाला गेली तेव्हा मला कळलं की सासू आली. मी टीव्हीकडे बघितलं. सासू आली होती खरी, आणि तिनं सुनेला घराबाहेर काढलं होतं. सून दारात बसून रडत होती. आबांच्या हातात मात्र तीच सून मोठ्या कढईत कालवण ढवळत होती, गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि सारजा तिच्यापुढे उभी राहून भांडी घासायचं काम मागत होती.

मालिका संपल्यावर मी विचारलं, आबा, मनचंच सांगायचं तर डबी कशाला हवी? आबा म्हणाले, “ती पोरगी कशात अडकलीय ते ऐकल्याबिगर तिला त्यातनं काढायचं कसं? शकू ऐकूनच फिरवायची.”

मग रोज तेच. आबा सांगायचे, मावशी बघायच्या, हात गोधडीवर तसाच. युवराज दारात उभा राहून बघायचा आणि गाडीला किक मारून कुठंतरी जायचा. एका संध्याकाळी आबांनी त्या सुनेचं दुसरं लग्न लावलं, चेअरमनशी. मालिकेतल्या वकिलाशी म्हणजे. मला ते काही फार पटलं नाही. मी काही बोलणार, इतक्यात गोधडीवरचा डावा हात हलला. अंगठा बोटावर आला आणि कसाबसा झटकला गेला.

जाड झालं. परत टाक.

आबा खुर्चीतून उठले, परत बसले. आमच्याकडे बघून म्हणाले, “जाड म्हणती. बघितलं का, जाड झालं म्हणती.” हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सुप्रिया आत निघून गेली. आबांनी सगळं लग्न मोडलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं. मावशींनी पुन्हा अंगठा झटकला. आबांनी पुन्हा सांगितलं. टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर मावशी रोज अंगठा झटकायच्या. आबांची एकही गोष्ट त्यांना पसंत पडली नाही. आबा दिवसभर विचार करायचे, आज बारीक म्हणायला लावतो बघ, असं मला दारातून सांगायचे. अंगठा गोल फिरण्याची ते वाट बघत होते. तो फिरला नाही. उसाचे ट्रॅक्टर बंद व्हायच्या आधीच एका सकाळी मावशी गेल्या. झोपेतच गेल्या, चांगलं मरण आलं, असं सगळे म्हणाले. लोकांना बोलायला काय जातं.

दिवस उरकले. टीव्ही बरेच दिवस बंद होता. मग पाहुणेरावळे गेल्यावर घर अंगावर यायला लागलं तेव्हा युवराजनंच तो लावला, आबांच्या कानात यंत्रं घातली आणि डबी चालू केली. डबीचा हिरवा दिवा लागला. आबांनी खुर्ची उचलली आणि टीव्हीकडे पाठ करून मांडली. समोर खाट नव्हती, नुसती भिंत होती. युवराज खुर्ची फिरवायला पुढे झाला, सुप्रियानं त्याला हातानं थांबवलं.

मालिका सुरू झाली आणि संपली. आबांचे हात सगळा वेळ मांडीवर होते. शब्द न् शब्द त्यांच्या कानात गेला असणार, कारण दिवा तसाच जळत होता. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून सुप्रियानं विचारलं, आबा, काय झालं हो आज मालिकेत?

आबांनी भिंतीवरची नजर काढली नाही. “मला काय ठावं, पोरी,” ते म्हणाले. “मला कुणी सांगितलंच न्हाय.”